हुकूम सुटतो, कागद येत नाही

कचेरीतील सामायिक प्रिंटर बंद पडला, की त्याची पहिली वर्दी यंत्राकडून क्वचितच मिळते. ती मिळते माणसांच्या हालचालींवरून. कोणी एक आपल्या टेबलावरून उठतो, दालनाच्या कोपऱ्यातील रिकाम्या ट्रेसमोर क्षणभर उभा राहतो, काही न बोलता परततो आणि संगणकावर तीच आज्ञा पुन्हा देतो, पाच मिनिटांनी दुसरे कोणी उठते, तसेच थांबते आणि तसेच परतते, आणि अखेरीस एखादा धीट मनुष्य जेव्हा "कोणाची प्रिंट येतेय का?" असे मोठ्याने विचारतो, तेव्हा त्या दालनातील सहा-सात जणांच्या मिळून तीस-पस्तीस आज्ञा यंत्राच्या दाराशी खोळंबून पडलेल्या असतात. पुढे बिघाड दूर झाला, म्हणजे त्या साऱ्या एकामागून एक कागदावर उतरू लागतात आणि एकाच पत्राच्या आठ-आठ प्रती ट्रेमध्ये येऊन पडतात. घरातल्या एकट्याच्या प्रिंटरला ही व्याधी जडत नाही. सामायिक यंत्र बंद पडते तेव्हा ते वापरणाऱ्यांमधला संवादही बहुधा त्याच्या आधीच बंद पडलेला असतो, आणि दुरुस्तीला बसणाऱ्याने प्रथम तोच सुरू करावा लागतो.

कारण "प्रिंट येत नाही" या तीन शब्दांच्या तक्रारीत निदान दहा निरनिराळे बिघाड दडलेले असू शकतात. अंगात कसर आहे असे सांगणाऱ्या रोग्याला अनुभवी वैद्य लगेच काढा देत नाही. घरात आणखी कोणाला असे होते आहे काय, केव्हापासून होते आहे, आणि त्याआधी खाण्यापिण्यात काही फेरफार झाला होता काय, हे तो अगोदर विचारून घेतो. आपणही तेच विचारावे. त्रास एकट्याला आहे की सर्वांना? एकाच दस्तऐवजाला आहे की प्रत्येकच कागदाला? आणि काल सायंकाळपर्यंत सर्व सुरळीत असेल, तर मध्यंतरी काय बदलले? सर्वांनाच त्रास असेल, तर दोष यंत्रात, त्याच्या केबलीत किंवा सर्वांच्या आज्ञा एकत्र करणाऱ्या सर्व्हरमध्ये शोधावा; एकालाच असेल, तर त्याचा संगणक तपासावा, यंत्राला हातही लावू नये; आणि एकच दस्तऐवज अडत असेल, तर संगणक व यंत्र या दोघांनाही निर्दोष समजून त्या दस्तऐवजाकडेच वळावे. बिघाडाचे स्थान शोधण्यापूर्वी त्याची व्याप्ती मोजावी, एवढा एकच नियम मी या विषयात अढळ मानतो. तो न पाळल्यामुळे एका माणसाच्या संगणकातील चुकीच्या खुणेपायी सबंध कचेरीचा प्रिंटर उघडून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि त्या दुपारी ज्यांचे काम विनाकारण अडले त्यांच्याबद्दल मला आजही हळहळ वाटते.

व्याप्ती कळली, तरी पुढचा शोध घेण्यासाठी आज्ञेचा प्रवास डोळ्यांसमोर असावा लागतो. जुन्या कचेऱ्यांत बाहेर जाणारे पत्र थेट टपालात पडत नसे. ते प्रथम बारनिशी कारकुनाकडे जाई, तो त्याची नोंद करी, क्रमांक घाली आणि पाळी आली म्हणजे जासुदाच्या हवाली करी, त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला जासुदाची वाट पाहत बसावे लागत नसे. संगणकातील हा बारनिशी कारकून म्हणजे स्पूलर. आपण प्रिंटची आज्ञा देतो तेव्हा तो मजकूर यंत्राकडे लगोलग न जाता स्पूलरच्या दप्तरात जाऊन पडतो. तिथे ड्रायव्हर नावाचा दुभाषी त्याचे यंत्राला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतो. मग तो नेटवर्कवरून यंत्राच्या अंकी पत्त्यावर रवाना होतो. आणि यंत्र आपल्या स्मृतीत पानाचे चित्र तयार करून ते कागदावर उमटवते. काही कचेऱ्यांत हे दप्तर एकाच सर्व्हरवर सर्वांच्या वतीने ठेवलेले असते, तर काही ठिकाणी प्रत्येक संगणक आपापले दप्तर सांभाळून परस्पर यंत्राशी व्यवहार करतो. आपल्या कचेरीत यांपैकी कोणती पद्धत आहे, हे बिघाडाच्या दिवशी नव्हे, तर सारे सुरळीत चालले असतानाच माहीत करून घ्यावे.

या तपासात पहिली जबानी यंत्राची घ्यावी. बहुतेक प्रत्येक नेटवर्क प्रिंटरच्या पाटीवर स्वतःच्या माहितीचे पान छापण्याची सोय असते आणि त्या पानासाठी संगणक लागत नाही. ते पान स्वच्छ उमटले, तर कागद, टोनर, रोलर आणि उष्णता देणारा भाग ही सर्व मंडळी एकदमच संशयातून मोकळी होतात आणि दोष छापणाऱ्या भागांच्या बाहेर आहे हे ठरते. ते उमटले नाही, तर नेटवर्ककडे पाहण्याचे कारणच उरत नाही. अर्धा तपास एका कागदात आटोपतो, तरीही हा उपाय लोक सर्वांत शेवटी योजतात याचे मला नवल वाटते. त्याच पानावर यंत्राचा पत्ताही छापलेला असतो, बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारा. तो जर १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर समजावे की यंत्राने पत्ता मागितला, परंतु कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला. अशा वेळी केबल खोचलेल्या जागेजवळचा छोटा हिरवा दिवा लागला आहे की नाही हे पाहावे आणि त्या केबलीचा माग काढत नेटवर्कच्या स्विचपर्यंत जावे, कारण सफाईच्या वेळी खुर्चीच्या चाकाखाली सापडलेली किंवा झाडूच्या ओढीने सैल झालेली केबल हे कारण वाटते त्याहून पुष्कळ अधिक वेळा खरे ठरते.

पत्त्याचा विषय निघालाच आहे, तर येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सामायिक प्रिंटरच्या ज्या तक्रारी वर्षानुवर्षे सुटत नाहीत त्यांच्या मुळाशी बहुधा पत्ताच असतो. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कचेरीत माझे वारंवार जाणे होत असे. तेथील प्रिंटर अधूनमधून "ऑफलाइन" दिसू लागे. तंत्रज्ञ येई, यंत्र बंद करून चालू करी, संगणकांवरून प्रिंटर काढून नव्याने बसवी, आणि मग पाच-सहा दिवस सर्व ठीक चाले. टोनर बदलून झाला, केबल बदलून झाली, नवा प्रिंटर घेण्याचा ठरावही संचालकांपुढे यायच्या बेतात होता. तेव्हा वसुली विभागातील एक ताई सहज म्हणाल्या, "साहेब, सोमवारीच असं होतं बघा. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्यात." भिंतीवरच्या कॅलेंडरावर लाल पेनाने केलेल्या सात खुणा होत्या, आणि त्यांपैकी सहा सोमवारी होत्या, तर एक जोडून आलेल्या सुट्टीनंतरच्या बुधवारी.

त्या खुणांनी सारे उलगडले. नेटवर्कवर पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो, आणि ते पत्ते तो कायमचे देत नाही, ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो. लहान कचेऱ्यांतील पुष्कळशा राउटरांत ही मुदत एक दिवसाची असते. आठवड्यात इतर रात्री हा प्रिंटर चालूच राही आणि मुदत संपण्यापूर्वी आपला पट्टा नूतन करून घेई. शनिवारी सायंकाळी मात्र शिपाई नियमाप्रमाणे विजेचा मुख्य स्विच बंद करी. रविवारी पट्टा संपे, पत्ता मोकळा होई, आणि सोमवारी सकाळी प्रिंटर चालू होण्याआधी आलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मोबाइलला तो वाय-फायबरोबर मिळून जाई. प्रिंटरला मग दुसरा पत्ता मिळे, आणि कचेरीतील सारे संगणक आपली देयके व नोटिसा जुन्याच पत्त्यावर, म्हणजे कोणाच्या तरी खिशातील फोनकडे पाठवीत राहत. बिऱ्हाड बदललेल्या माणसाची टपाले जुन्या चाळीत जावीत, तसा हा प्रकार होता. राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या जन्मजात ओळखक्रमांकापुढे एक पत्ता कायमचा राखून ठेवला, संगणकांवरचे पोर्ट त्या पत्त्याला जोडले, आणि खुणा थांबल्या. यात एक सावधगिरी आवश्यक आहे. असा पत्ता यंत्रावर हाताने घालायचा असेल, तर राउटर ज्या संचातून पत्ते वाटतो त्या संचाबाहेरचा घालावा. अन्यथा तोच पत्ता एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणाला मिळेल आणि एका पत्त्यावर दोघे राहू लागल्यावर कधी छापणारे, कधी न छापणारे असे एक भूत कचेरीत वावरू लागेल.

पत्ता जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी संगणकावर "पिंग" नावाची आज्ञा असते. समुद्राच्या तळाचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून माइक म्यूस या अमेरिकी संगणकज्ञाने १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेल्या या छोट्याशा प्रोग्रॅमला ते नाव दिले. प्रोग्रॅमने हाक मारावी आणि पलीकडून प्रतिध्वनी यावा, एवढेच त्याचे काम. प्रतिध्वनी आला, तरी त्याचा अर्थ घरात कोणी आहे एवढाच होतो. यंत्राला काम स्वीकारण्यासाठी निरनिराळे क्रमांकित दरवाजे असतात. सर्वांत रुळलेला दरवाजा ९१००, युनिक्सच्या काळापासून चालत आलेला ५१५, आणि त्यानंतरचा ६३१. संगणक एका दरवाजावर थाप मारतो आहे आणि यंत्राने तो बंद ठेवला आहे, असेही घडते. याउलट विंडोजच्या पोर्टच्या मांडणीत "एसएनएमपी स्टेटस" नावाची एक खूण असते, जिच्यामुळे संगणक यंत्राच्या प्रकृतीची मधूनमधून विचारपूस करतो, आणि यंत्राने उत्तर दिले नाही, तर ठणठणीत यंत्रालाही "ऑफलाइन" ठरवून मोकळा होतो. पिंगला उत्तर येते, माहितीचे पान छापले जाते, आणि तरीही "ऑफलाइन" दिसते, अशा वेळी ती खूण काढून पाहावी.

आता बारनिशी कारकुनाकडे येऊ. एखादे सदोष काम स्पूलरच्या रांगेत सर्वांत पुढे अडकले, की मागची सर्व कामे निर्दोष असूनही थांबतात, आणि रांग सर्व्हरवर सामायिक असेल, तर एकाच्या कागदापायी सर्वांचा खोळंबा होतो. रांग उघडून पाहिली, तर पहिल्या ओळीत त्या कामाचे आणि ते पाठवणाऱ्याचे नाव दिसते. त्याला विचारून ते रद्द करावे. विंडोजमध्ये सामान्यतः प्रत्येकाला स्वतःचेच काम रद्द करण्याची मुभा असते, दुसऱ्याचे नाही; म्हणून मालकाला शोधणे किंवा व्यवस्थापकाला बोलावणे हे दोनच मार्ग उरतात. पुष्कळदा रद्द केलेले कामही "डिलीटिंग" असा शेरा मिरवीत तसेच बसून राहते. तेव्हा स्पूलरची सेवा थांबवावी, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधील "स्पूल" आणि त्यातील "प्रिंटर्स" या फोल्डरात साठलेल्या फायली पुसून टाकाव्या, आणि सेवा पुन्हा चालू करावी. तिथे प्रत्येक कामाच्या दोन फायली आढळतात; एकीत प्रत्यक्ष मजकूर असतो आणि दुसरीत त्याचा तपशील, कोणाचे, कोणत्या प्रिंटरसाठी वगैरे. हा उपाय रामबाण आहे, पण सर्व्हरवर तो केला, तर सगळ्यांचीच रांग पुसली जाते; तेव्हा आधी दालनात तशी दवंडी द्यावी आणि नंतर ज्याला हवे त्याने आपले काम एकदाच, केवळ एकदाच, पुन्हा पाठवावे.

रांगेत उभ्या असलेल्यांना पुढे काय घडले आहे हे कळत नाही, हे सामायिक यंत्राचे मूळ दुखणे आहे, आणि त्या दुखण्याने संगणकाच्या इतिहासाला एक वळण दिलेले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करीत असे. तेथील जुन्या सामायिक प्रिंटरचा प्रोग्रॅम त्याच्या हाती होता, आणि त्यात त्याने अशी सुधारणा केली होती, की कागद अडकला म्हणजे ज्यांची कामे रांगेत आहेत त्या सर्वांना संगणकावर तसा निरोप जाई; वाट पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी उठे आणि कागद काढी. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. तो जलद आणि सुबक छापणारा होता, परंतु त्याचा मूळ प्रोग्रॅम प्रयोगशाळेला दिलेला नव्हता; कार्नेगी मेलन विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गुप्ततेच्या करारामुळे देण्यास नकार दिला. स्टॉलमनच्या मनाला हे लागले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ग्नू या सर्वांना मोकळ्या असलेल्या प्रणालीची घोषणा केली, आणि त्यामागील कारणांत या प्रिंटरची आठवण तो पुढे नेहमी सांगत आला. ज्या सुधारणेपासून हे सारे निघाले, ती किती साधी होती पाहा: वाट पाहणाऱ्याला खबर द्यावी, एवढीच.

दुभाषी चुकला म्हणजे काय होते, ते ओळखणे सोपे आहे. दोन पानांचे पत्र पाठवावे आणि पन्नास पाने बाहेर पडावी, प्रत्येकावर एखाद-दुसरी ओळ विचित्र चिन्हांची असावी, तर यंत्राला न समजणारी भाषा त्याच्या पुढ्यात ठेवली गेली असे निश्चित समजावे. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबीची पोस्टस्क्रिप्ट आणि हेवलेट-पॅकार्डची पीसीएल या कचेरीतील प्रिंटरांच्या दोन प्रमुख भाषा होत. पहिल्या पानाच्या प्रारंभी टक्क्याचे चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस ही रोमन अक्षरे दिसली, तर पोस्टस्क्रिप्टमधील सूचना यंत्राने मजकूर समजून छापून टाकल्या आहेत. यंत्राच्या नेमक्या नमुन्याचा ड्रायव्हर बसवणे हाच यावरचा उपाय. नाव मिळतेजुळते आहे म्हणून बसवलेला ड्रायव्हर बरेच दिवस बरा चालतो आणि नेमका मार्चअखेरीस दगा देतो.

मराठी कचेऱ्यांत याच्या जोडीला आणखी एक अडचण येते, आणि ती आपल्या लिपीशी निगडित असल्याने मला तिच्याविषयी विशेष आस्था आहे. पडद्यावर देवनागरी मजकूर शुद्ध दिसतो, कागदावर मात्र रिकामे चौकोन किंवा रोमन अक्षरांचा कालवा उमटतो. याची कारणे दोन. पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी युनिकोड रुळण्यापूर्वीच्या काळात जे देवनागरी फॉन्ट दिले, डीव्हीबी-टीटी सुरेख हा त्यांतलाच, त्यांत मजकूर संगणकाच्या लेखी रोमन चिन्हांतच साठवलेला असे आणि फॉन्ट त्याला देवनागरीचा वेष चढवी. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही, तिथे वेष उतरतो आणि मूळ चिन्हे उघडी पडतात. सरकारी कचेऱ्यांच्या फायलींत असे जुने मसुदे अद्याप हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या बाबतीत प्रिंटरला दोष देणे हा शुद्ध अन्याय होय. दुसरे कारण असे, की काही ड्रायव्हर वेळ वाचवण्यासाठी फॉन्ट न पाठवता यंत्रातलाच एखादा फॉन्ट वापरू पाहतात, आणि यंत्रात बहुधा देवनागरी नसतेच. अशा वेळी फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ बनवावे आणि ते छापावे. तेही अडले, तर "प्रिंट अ‍ॅज इमेज" हा पर्याय निवडावा, म्हणजे अक्षरांऐवजी पानाचे चित्रच यंत्राकडे जाते. वेळ थोडा अधिक लागतो, पण जोडाक्षर मोडत नाही.

२०२१ सालानंतर पुष्कळ कचेऱ्यांना एका नव्याच प्रकाराला तोंड द्यावे लागले. त्या वर्षी जुलैमध्ये विंडोजच्या स्पूलरमधील एक गंभीर भगदाड उघडकीस आले. "प्रिंटनाइटमेअर" या नावाने ते ओळखले जाते. त्यातून परका मनुष्य संगणकाचा पूर्ण ताबा घेऊ शकत असे. मायक्रोसॉफ्टने ते बुजवण्यासाठी जे बदल केले त्यांमुळे सर्व्हरवरून प्रिंटरचा ड्रायव्हर घेण्यास प्रशासकाचा पासवर्ड लागू लागला, आणि सप्टेंबरमधील सुधारणांनंतर अनेक ठिकाणी सामायिक प्रिंटर जोडताना ११बी या अक्षरांनी संपणारा त्रुटिक्रमांक झळकू लागला. काम अडलेले पाहून कित्येकांनी सुरक्षेची ती सुधारणाच संगणकावरून काढून टाकली. त्यांची निकड मी समजू शकतो, पण हा मार्ग मला मान्य नाही; दाराची कडी घट्ट लागते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे. सर्व्हर आणि संगणक दोन्ही अद्ययावत करावे, ड्रायव्हर प्रशासकाकडून एकदाच नीट बसवून घ्यावा, आणि लहान कचेरी असेल, तर सर्व्हरची मध्यस्थी टाळून प्रत्येक संगणक थेट यंत्राच्या राखीव पत्त्याशी जोडावा.

कित्येक वेळा बिघाड मुळी नसतोच. विंडोज १० पासून मुख्य प्रिंटर कोणता हे ठरवण्याची जबाबदारी, आपण अडवले नाही तर, संगणक स्वतःकडे घेतो आणि शेवटी वापरलेल्या प्रिंटरलाच मुख्य मानतो. त्यामुळे काल वरच्या मजल्यावर एक पत्र छापणाऱ्याचे आजचे सारे कागद वरच्याच मजल्यावर पडत राहतात. तसेच कागदाच्या आकाराचे. अमेरिकेत लेटर नावाचा, २१६ गुणिले २७९ मिलिमीटरचा कागद चालतो. आपल्याकडे २१० गुणिले २९७ चा ए४. तिकडे तयार झालेला दस्तऐवज इकडे छापायला दिला, तर यंत्र लेटर आकाराच्या कागदाची वाट पाहत मुकाट्याने थांबते आणि मागची रांग थांबवते. एके काळी हेवलेट-पॅकार्डच्या लेसरजेट यंत्रांवर अशा वेळी "पीसी लोड लेटर" अशी अक्षरे उमटत; त्यातील पीसी म्हणजे कागदाचा ट्रे, हे न कळल्यामुळे जगभरच्या कारकुनांनी त्या तीन शब्दांपुढे हात टेकले. आपल्या न्यायालयांच्या कामात लीगल कागदाची रूढी दीर्घकाळ होती, तेथेही दोन आकारांचा घोळ याच प्रकारे होतो. यंत्राच्या पाटीवर कागद मागणारी सूचना दिसली, की ट्रे भरलेला आहे असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करू नये. ट्रे कशाने भरला आहे हे पाहावे.

कागद अडकण्याविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत या एका कारणापुढे बाकी सारी फिकी पडतात. कागद हवेतील ओल शोषतो. ओलावलेला कागद वळतो, शेजारच्या कागदाला चिकटतो, दोन-दोन मिळून आत शिरतो, आणि त्याच्यावर विद्युत्भार नीट ठरत नसल्याने छपाईही फिकट येते. पाचशे कागदांचे रीम ज्या वेष्टनात येते ते वेष्टन आर्द्रतेला अडवण्यासाठीच असते. म्हणून लागेल तेवढाच कागद काढावा, उरलेला वेष्टन मिटून ठेवावा, आणि जमिनीवर किंवा खिडकीखाली कधीही ठेवू नये. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा फडफडवून मोकळा करावा, बाजूच्या पट्ट्या कागदाला हलकेच टेकतील अशा सरकवाव्या, आणि ट्रेमधील खुणेच्या वर कागद भरू नये. पाठकोरे कागद वापरण्याची आपल्या कचेऱ्यांतील रीत काटकसरीची आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे, परंतु एकदा उष्णतेतून गेलेला कागद वाकलेला असतो, त्यात टाचणीचा तुकडा राहून गेलेला असतो, आणि तो तुकडा आतल्या नाजूक पृष्ठभागावर कायमचा ओरखडा काढतो. यास्तव पाठकोऱ्यांसाठी जुना, निराळा प्रिंटर ठेवावा, सर्वांच्या यंत्रात ते घालू नयेत. अडकलेला कागद शक्यतो त्याच्या प्रवासाच्या दिशेनेच, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. फाटला, तर सर्व तुकडे जुळवून पाहावे, कारण आत राहिलेला बोटभर तुकडा पुढचे पन्नास कागद अडवतो. कागद नसतानाही वारंवार "अडकला" असे यंत्र सांगत असेल, तर बहुधा कागद उचलणारा रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो. किंचित ओलसर, तंतू न सुटणाऱ्या फडक्याने पुसल्यास तो काही काळ पुन्हा पकड घेतो, पुढे बदलावाच लागतो.

कागद येतो पण खराब येतो, या तक्रारीकडे येण्यापूर्वी तो कसा उमटतो हे सांगतो. चेस्टर कार्लसन हा न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करणारा मनुष्य. नकाशांच्या आणि मसुद्यांच्या प्रती मिळवताना होणाऱ्या त्रासाने तो बेजार झाला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया येथील भाड्याच्या खोलीत, ओट्टो कॉर्नाय या सहायकासह, त्याने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून विद्युत्भारित केला, त्यावर लिहिलेली काच ठेवून प्रकाश पाडला, आणि लायकोपोडियमची भुकटी टाकताच ती तारीख आणि गावाचे नाव पत्र्यावर उमटले. मेणकागदावर ते त्याने उतरवून घेतले. आजच्या लेसर प्रिंटरमध्ये पत्र्याच्या जागी ड्रम आहे, काचेच्या जागी लेसरचा किरण, आणि लायकोपोडियमच्या जागी टोनर, म्हणजे रंगमिश्रित प्लास्टिकची सुमारे पाच ते दहा मायक्रॉन आकाराच्या कणांची पूड. ही पूड सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या रोलरखाली वितळून कागदात बसते. म्हणूनच सांडलेला टोनर गरम पाण्याने धुऊ नये. कोरड्या फडक्याने झटकावा आणि मग थंड पाणी वापरावे.

एवढे कळले, की खराब कागद स्वतःच बोलू लागतो. अक्षर बोटाने पुसले जात असेल, तर उष्णता कमी पडते आहे, अथवा कागद ट्रेच्या मांडणीत सांगितला आहे त्याहून जाड आहे. पान संपूर्ण काळे आले, तर ड्रमला विद्युत्भार देणारा भाग निकामी आहे. नवे कार्ट्रिज घातल्याबरोबर पान संपूर्ण कोरे आले, तर बहुधा त्याची आतली पट्टी ओढून काढायची राहिली आहे. उभे फिकट पट्टे हे टोनर संपत आल्याचे लक्षण. कार्ट्रिज काढून आडवे धरून हलकेच डोलवले, तर आणखी काही पाने निघतात आणि नवे येईपर्यंत वेळ निभावते.

आणि एखादा डाग पानावर समान अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर फूटपट्टी घ्यावी. आत फिरणाऱ्या प्रत्येक रोलरचा परीघ वेगवेगळा असतो, आणि ज्याच्या अंगावर दोष आहे तो आपल्या परिघाइतक्या अंतरावर आपली खूण सोडत जातो. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल, तर डाग सुमारे ७५ मिलिमीटरवर परत येईल; ३० मिलिमीटर व्यासाचा असेल, तर सुमारे ९४ वर. यंत्राच्या सेवापुस्तिकेत या अंतरांचा तक्ता असतो. डागापासून डागापर्यंत मोजावे, आकडा तक्त्यात शोधावा, आणि तंत्रज्ञाला फोन करताना यंत्र खराब झाले असे न सांगता तो आकडा सांगावा. म्हणजे तो येताना नेमका तोच भाग पिशवीत घालून आणील.